काढा, गोळी आणि न विचारलेला प्रश्न

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की औषधाच्या दुकानांत शंखपुष्पीच्या बाटल्या पुढच्या फळीवर येतात. स्मरणशक्ती वाढावी म्हणून मुलाला सकाळ-संध्याकाळ दोन चमचे देण्यात काही जोखीम असू शकते, ही शंकाही मराठी घरात सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. मात्र याच शंखपुष्पीने तीन दशकांपूर्वी मुंबईतील डॉक्टरांना कोड्यात टाकले होते. फेनिटॉइन या गोळीमुळे ज्यांचे फेफरे आटोक्यात होते, अशा दोन रुग्णांना अनपेक्षितपणे पुन्हा झटके येऊ लागले. दोघेही गोळीच्या जोडीला शंखपुष्पी असलेले एक आयुर्वेदिक सिरप घेत असल्याचे निष्पन्न झाले. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा समावेश असलेल्या औषधशास्त्रज्ञांच्या गटाने हा धागा सोडला नाही. प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी दाखवून दिले, की हे सिरप आणि फेनिटॉइन काही दिवस एकत्र दिल्यास रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटते आणि झटके रोखण्याची त्याची ताकदही कमी होते. हा निष्कर्ष १९९२ साली प्रसिद्ध झाला. विशेष म्हणजे परंपरेत शंखपुष्पी अपस्मारावरही सांगितलेली आहे. म्हणजे एकाच रोगावरील दोन उपचार शरीरात एकमेकांचे पाय ओढत होते आणि रुग्णाला, त्याच्या डॉक्टरला वा सिरप देणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता.

या गोष्टीला आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दरम्यान वनौषधींचा बाजार वैद्याच्या खलबत्त्यातून निघून कॅप्सूल, गोळ्या, पावडरी आणि मोबाइलवरून मागवायच्या डब्यांपर्यंत पोहोचला. पण त्या रुग्णांच्या बाबतीत जो प्रश्न वेळेवर विचारला गेला नव्हता, तो आजही बहुतेक तपासणी-खोल्यांत विचारला जात नाही. ‘या गोळ्यांखेरीज आणखी काय घेता?’ एवढाच तो प्रश्न.

तो न विचारण्याची किंमत काय असू शकते, हे करोनाच्या साथीने दाखवून दिले. ३१ मार्च २०२० रोजी केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांच्या काढ्याची शिफारस केली. टाळेबंदीच्या त्या दिवसांत प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरीही गॅसवरचे काढ्याचे पातेले उतरत नसे, आणि त्यात काय काय पडते हे आईखेरीज कोणालाच ठाऊक नसे. पाठोपाठ प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून गुळवेल घरोघर आली. कोणी वेल आणून रस काढला, कोणी घनवटीच्या गोळ्या आणल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये मंत्रालयाने जो राष्ट्रीय उपचार आराखडा जाहीर केला, त्यात गुडूची घनवटी ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि तीही पंधरा दिवस, एक महिना किंवा वैद्याच्या सल्ल्याने, अशी मुदत स्पष्टपणे घातलेली होती. परंतु मोबाइलवरच्या संदेशांतून गुळवेल फिरली, मुदत फिरली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृतविकारतज्ज्ञांकडे कावीळ झालेले सहा रुग्ण आले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यांच्यातील काहींना थायरॉइडचा विकार वा मधुमेह होता. ज्यांच्या यकृताचा तुकडा तपासला गेला, त्यांच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा आढळल्या. २०२१ साली हा अहवाल यकृतविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने जुलैमध्ये त्यावर तीव्र आक्षेप घेतला. रुग्णांनी नेमके काय घेतले याचे पृथक्करण झालेले नाही, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता तपासलेली नाही, आणि एवढ्या पुराव्यावर गुळवेलीला दोष देणे दिशाभूल करणारे आहे, असा मंत्रालयाचा युक्तिवाद होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही खरी गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण शोभावी अशी वेल यांत सामान्य माणसाची सहज गल्लत होते. तथापि २०२२ साली देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्रश्न सहा रुग्णांपुरता राहिला नाही. तिथेही ज्यांना आधीपासून स्वप्रतिकारक विकार होते, अशांचे प्रमाण लक्षणीय होते.

वाद इथेच थांबला असता तर ती नेहमीचीच अ‍ॅलोपॅथी विरुद्ध आयुर्वेद अशी खडाखडी ठरली असती. पण मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात या वेलीचे आणखी एक पान आहे आणि ते वाचल्याशिवाय या वादाचा अर्थ लागत नाही. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर अनेक वर्षे संशोधन केले. ‘फुलवा’, ‘हिरवाई’ या पुस्तकांमुळे मराठी वाचक ज्यांना झाडाफुलांच्या लेखिका म्हणून ओळखतात, त्याच या औषधशास्त्रज्ञ. डॉ. निर्मला रेगे, शल्यविशारद डॉ. रवी बापट आणि डॉ. डहाणूकर यांच्या गटाने १९९३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांचे होते. शस्त्रक्रियेपूर्वी गुळवेलीचा अर्क दिलेल्या रुग्णांत पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता सुधारली आणि शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाणही अधिक दिसले.

म्हणजे एकाच शहरात, एकाच वेलीने, एकदा काविळीच्या रुग्णांना हात दिला आणि एकदा धडधाकट दिसणाऱ्यांना कावीळ केली. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. केईएममध्ये वेल कोणती हे ठरलेले होते, अर्क कसा काढायचा हे ठरलेले होते, मात्रा आणि दिवस मोजलेले होते, रुग्ण निवडलेला होता आणि त्याच्या रक्ताच्या तपासण्या होत होत्या. २०२० साली यांपैकी एकही गोष्ट नव्हती. शिवाय दोन्ही ठिकाणी वेलीने केलेले काम कदाचित एकच असावे. ती प्रतिकारयंत्रणेला चेतवते. जंतुसंसर्गाच्या उंबरठ्यावरील रुग्णाला ते हवे असते. ज्याची प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या थायरॉइडवर वा सांध्यांवर उठलेली आहे, त्याच्या बाबतीत ते आगीत तेल ठरू शकते. मूत्रपिंड वा यकृताचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला तर प्रतिकारशक्ती दाबून ठेवण्यासाठी जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. अशा रुग्णाने ‘इम्युनिटी बूस्टर’ घेणे म्हणजे एका हाताने कुलूप लावून दुसऱ्या हाताने उघडण्यासारखे आहे. हे त्याला कोणी सांगितलेले असते का, हा प्रश्न आहे.

वनौषधींचे ‘साइड इफेक्ट नाहीत’ ही घोषणा आयुर्वेदाची नव्हे, ती बाजाराची आहे. मात्रा, काळ, अनुपान, रुग्णाचे बल आणि प्रकृती यांचा एवढा काथ्याकूट करणारे शास्त्र आपले औषध निरुपद्रवी मानत असेल, हे संभवतच नाही. चुकीच्या वापराने औषधच विषासमान होते, याचा इशारा चरकसंहितेने दिलेला आहे. बिबवा वा बचनाग शोधनाशिवाय वापरू नये हे वैद्य विद्यार्थिदशेतच शिकतो. इतकेच नव्हे तर आपल्या औषध नियमावलीतील ‘ई-१’ या परिशिष्टात भल्लातक, धोत्रा, कुचला, वत्सनाभ, जयपाळ, गुंज अशा द्रव्यांची यादी आहे आणि ती असलेली पोटात घ्यायची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, अशी सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. कायद्याला वनस्पतींचे सामर्थ्य माहीत आहे. मात्र ही यादी विषारी द्रव्यांची आहे. गुळवेल वा अश्वगंधा तिच्यात नाही आणि दुसऱ्या औषधाशी होणाऱ्या झटापटीचा विचार त्या यादीने केलेलाच नाही.

ही झटापट होते कशी? पोटात गेलेली गोळी रक्तात पोहोचण्यापूर्वी आतडे आणि यकृत यांतील विकरे तिचा काही भाग मोडून टाकतात. पूर्वीच्या जकात नाक्याशी याची तुलना करता येईल. नाक्यावर किती माल अडणार याचा अंदाज घेऊनच डॉक्टर गोळीची मात्रा ठरवतात. एखाद्या वनस्पतीने नाकेदारांची संख्या वाढवली तर गोळी निष्प्रभ होते, आणि त्यांना निजवले तर ठरल्यापेक्षा अधिक औषध रक्तात शिरते. युरोप-अमेरिकेत नैराश्यावर घेतल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने पहिला प्रकार जगापुढे आणला. या वनस्पतीमुळे एड्सवरील इंडिनावीर या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, असे २००० साली सिद्ध झाले. त्याच वर्षी हृदय-प्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांचे नवे हृदय शरीराने नाकारू पाहिल्याची नोंदही याच वनस्पतीच्या नावावर झाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २००० मध्ये जाहीर इशारा दिला.

आपल्याकडील दाखले याहून जुने आहेत. सांधेदुखी आणि कोलेस्टेरॉलसाठी घेतल्या जाणाऱ्या गुग्गुळाच्या अर्कामुळे प्रोप्रॅनोलॉल आणि डिल्टियाझेम या रक्तदाब व हृदयविकारावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे मुंबईतील औषधशास्त्रज्ञांनी निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी घेऊन १९९४ साली प्रसिद्ध केले होते. म्हणजे सेंट जॉन्स वर्टची हाकाटी होण्यापूर्वी सहा वर्षे. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तर गुग्गुळाची बाजू आणखी पडती आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले. आहारविहार वेगळा असल्याने तो निकाल आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येणार नाही, असे म्हणता येईल. पण हृदयविकाराची गोळी घेणाऱ्याने परस्पर गुग्गुळ सुरू करू नये, एवढे त्यातून नक्की निघते.

दुसऱ्या प्रकारातला, नाकेदारांना निजवणारा पदार्थ प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. तो म्हणजे काळी मिरी. तिच्यातील पाइपरिन या द्रव्यामुळे फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. आमटीत घातलेल्या चिमूटभर मिरीने कोणाचे काही बिघडत नाही. प्रश्न येतो तो हळदीच्या कॅप्सूलमध्ये. हळदीतील कर्क्युमिन शरीरात फारसे शोषले जात नाही. त्यासोबत २० मिलिग्रॅम पाइपरिन दिल्यास शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखवले. तेव्हापासून हळदीच्या कॅप्सूलमध्ये मिरीचा अर्क घालण्याची रीतच पडली. १९९७ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकी पेटंटाविरुद्ध जिंकलेल्या लढाईमुळे हळद आपल्या अस्मितेचा विषय झाली आहे आणि ते योग्यही आहे. पण फोडणीतली हळद आणि शोषण वाढवलेल्या अर्काची कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. न्यूझीलंडमध्ये वॉर्फरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर स्थिर असलेल्या एका रुग्णाने हळदीचे उत्पादन सुरू केले आणि काही आठवड्यांतच त्याचा ‘आयएनआर’ १० च्या वर गेला. हा आकडा सामान्यतः २ ते ३ च्या दरम्यान राखायचा असतो. २०१८ साली तेथील औषध नियामकांनी याबाबत सूचना काढली. अमेरिकेतील यकृततज्ज्ञांच्या जाळ्यानेही हळदीच्या पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद केली असून त्यांतील एक दगावला.

मधुमेहाच्या बाबतीत झटापट वेगळ्या पद्धतीने होते. कारले, मेथी, जांभळाच्या बियांची पूड, गुळवेल यांचा कल साखर उतरवण्याकडे असतो. गोळीही तेच करते. दोघांचे काम एकदम झाले, की साखर धोक्याच्या रेषेखाली जाते. ब्रिटनमध्ये क्लोरप्रोपामाइड घेणाऱ्या एका आशियाई महिलेच्या जेवणातील कारल्यामुळे गोळीचा परिणाम वाढल्याचे १९७९ सालीच नोंदले गेले आहे. ती गोळी आता जवळजवळ मागे पडली, पण तिच्याच कुळातील ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड आज लाखो घरांत आहेत. पहाटे कारल्याचा रस, त्यावर नाश्त्याआधीची गोळी आणि मग मैदानाला पाच फेऱ्या, हा ज्येष्ठांचा आवडता दिनक्रम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. घाम, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे ‘आज जरा जास्त चाललो’ म्हणून सोडून दिली जातात.

ज्येष्ठमध घशाला चांगले. पण ते दिवसेंदिवस चघळल्यास शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो. लघवी वाढवणारी वा डिगॉक्सिनची गोळी चालू असेल तर हृदयाची लय बिघडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. इसबगोल बिचारा साधा, पण तो इतर गोळ्यांना स्वतःत गुंडाळून घेतो. त्यामुळे दोहोंत दोन तासांचे अंतर हवे.

अश्वगंधेवर मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण गुळवेलीची लाट ओसरल्यावर बाजाराने हिलाच उचलून धरले आहे. ताण, झोप, व्यायाम अशा सर्व कारणांसाठी ती विकली जाते. तिचे काही उपयोग छोट्या चाचण्यांतून दिसले आहेत, हे मान्य करायला हवे. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मुळाचा अर्क आठ आठवडे घेतल्यावर थायरॉइडचे संप्रेरक वाढल्याचे आढळले. ज्याचे थायरॉइड किंचित मंद आहे त्याला हा उपयोग वाटेल. जो आधीच थायरॉक्सिनची गोळी घेतो त्याची मात्रा मात्र यामुळे अकारण जास्त होऊ शकते, आणि धडधड कशामुळे होते याचा शोध भलतीकडेच सुरू होतो. झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढवणे हा तिचा आणखी एक गुण. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आइसलँड आणि अमेरिकेतून २०२० साली आल्या. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. ही बंदी आपल्याला टोकाची वाटू शकते. तथापि आयुष मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने न वापरण्याची सूचना दिली होती, ती का, याचा विचार व्हायला हवा. ग्रंथांत प्रामुख्याने मूळ सांगितले आहे. पाने स्वस्त पडतात. बाटलीवर मात्र केवळ ‘अश्वगंधा’ एवढेच ठळक असेल तर ग्राहकाने काय ओळखावे?

वेष्टनाचा विषय निघालाच आहे, तर कायद्याकडे वळू. आयुर्वेदिक औषध बनवण्यासाठी परवाना लागतो, पण ते विकण्यासाठी औषधविक्रीचा परवाना लागत नाही. त्यामुळे ते किराणा दुकानातही मिळते आणि गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारील असा फार्मासिस्ट तिथे असण्याचे बंधन नाही. हीच अश्वगंधा आहारपूरक म्हणून विकायची असेल तर परवाना अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा. २०१६ च्या नियमांनुसार अशा डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते. ही ओळ बारीक अक्षरांत मागच्या बाजूला, आणि पुढच्या बाजूला ताण, झोप, शक्ती यांची आश्वासने! एकाच मुळाला एका परवान्यावर औषध आणि दुसऱ्या परवान्यावर अन्न म्हणायचे, आणि दोन्हीकडे ‘रक्त पातळ करणारी वा थायरॉइडची गोळी घेत असल्यास डॉक्टरांना विचारा’ एवढे वाक्य ठळकपणे छापायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

जाहिरातींवरील लगामही सैल झाला आहे. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला आधी मंजुरी घेणे बंधनकारक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ रोजी केंद्राने तो वगळला, २७ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने या वगळण्याला स्थगिती दिली आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी मूळ याचिका निकाली काढताना ती स्थगितीही उठली. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविरोधी कायदा शाबूत आहे. पण तो जाहिरात झाल्यानंतर कामाला येतो.

राहिला तपासणी-खोलीतील प्रश्न. रुग्ण सांगत नाही, कारण काढा वा चूर्ण हे ‘औषध’ आहे असे त्याला वाटतच नाही. काही जण डॉक्टर रागावतील म्हणून गप्प बसतात आणि ही भीती अगदीच निराधार नसते. ‘ती झाडपाल्याची थेरं आधी बंद करा’ असे एकदा ऐकलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. दुसरीकडे वैद्यांकडे जाणारा रुग्ण आपल्या चालू गोळ्यांची यादी नेतोच असे नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एका रुग्णाच्या वाट्याला येणारी दोन-तीन मिनिटे पाहता डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, पण केसपेपरवर ‘काढा, चूर्ण, पूरके’ असा एक रकाना छापायला मिनिटेही लागत नाहीत. भूलतज्ज्ञ तरी हा प्रश्न विचारतात, कारण शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्त थांबेनासे झाले तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. लसूण, गिंको, हळद यांच्या कॅप्सूल शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी बंद कराव्यात असा सर्वसाधारण संकेत आहे. रुग्णाने घरातील सर्व बाटल्या आणि डबे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवणे हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय. नावे विसरतात, बाटल्या विसरत नाहीत.

आणि अपाय झालाच तर? आधुनिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे जाते. त्यासाठी १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक असून रुग्ण स्वतःही कळवू शकतो. आयुर्वेदिक औषधांसाठी वेगळी यंत्रणा असून तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. डब्यावर अन्नाचा परवाना असेल तर तक्रार तिसऱ्याच दारी, अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे. ज्याला अश्वगंधेच्या कॅप्सूल आणि थायरॉक्सिनची गोळी एकत्र घेतल्याने त्रास झाला, त्याने यांपैकी कोणते दार ठोठवावे, हे ना डब्यावर छापलेले आहे, ना गोळीच्या पाकिटावर.